बेड नंबर सातचा लांडगा

सुनेने जाताना जेवणाच्या टेबलावर दोन कागद ठेवले. एक नवऱ्यासाठी होता. त्यावर कुंड्यांना पाणी कधी घालायचं आणि कपड्यांच्या मशीनचं कोणतं बटण चुकूनही दाबायचं नाही ते लिहिलेलं होतं. दुसरा सासूबाईंसाठी होता. त्यावर लांडगे कसे मारायचे ते लिहिलेलं होतं.

सासूबाईंनी चौतीस वर्षं हॉस्पिटलात काढली होती, त्यातली शेवटची नऊ मेट्रन, म्हणजे मुख्य नर्स, म्हणून. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी बिल्डिंगमधली माणसं जिन्यात त्यांना पाहिलं की आपोआप आवाज खाली करत. मुलगा आणि सून समोर त्यांना आई म्हणत, आणि मागे मेट्रन. हे त्यांना माहीत होतं, आणि दोन्हींपैकी दुसरं त्यांना जास्त आवडत असे, पण तसं त्या कबूल करणाऱ्यांतल्या नव्हत्या.

सून जमीन मोजणीच्या खात्यात होती. बुधवारी संध्याकाळी तिला डोंगरपट्ट्यात मोजणीला जायचं होतं, ते थेट रविवारी सकाळी परत यायचं होतं. तिथे फोनला रेंज नव्हती. एरवी याचं तिला सुखच वाटलं असतं. पण ती तीन वर्षं एक ऑनलाइन गेम खेळत होती आणि त्या गेममध्ये तिची एक जादूगारीण होती. नाव अग्निशिखा, लेव्हल अठ्ठावन्न, हातात आगीचे गोळे. चाळीस जणांच्या ज्या टोळीत, म्हणजे गिल्डमध्ये, ती होती, त्या गिल्डचा प्रमुख खऱ्या आयुष्यात दातांचा डॉक्टर होता. दोन दाढांच्या मधल्या वेळात तो गिल्ड चालवत असे. ओळीने अकरा रविवार हे चाळीस जण काळ्या किल्ल्यातल्या ड्रॅगनकडून मार खाऊन परत आले होते. आता डॉक्टरने नियम केला होता की येत्या रविवारी अकराच्या ठोक्याला ज्याची लेव्हल साठ असेल तोच किल्ल्यात येईल. अग्निशिखेची जागा रिकामी राहिली तर ती घ्यायला बर्फवाला नावाचा एक इसम महिनाभर टपून बसला होता.

सुनेने ऑफिसात कधी बढती मागितली नव्हती की घरात कधी कपाट. पण ही जागा तिला हवी होती.

तिने आधी नवऱ्याला बसवून पाहिलं. त्याने पहिल्या दहा मिनिटांत अग्निशिखेला विहिरीत पाडलं, आणि बाहेर काढताना दुसऱ्या विहिरीत पाडलं. गेममध्ये दुसरी विहीर आहे हे सुनेला तीन वर्षांत कळलं नव्हतं. मेट्रन बाजूच्या खुर्चीत उशीच्या अभ्र्याला बटणं लावत होत्या. दोरा तोडून त्या म्हणाल्या, "काय करायचं ते मला लिहून दे. लिहिलेलं मी चुकवत नाही."

सुनेने नवऱ्याला खुर्चीतून उठवलं. या दोघींचं कधी भांडण झालं नव्हतं. दोन सरकारी खात्यांमध्ये असावा तसा त्यांच्यात सभ्य व्यवहार होता. सून आपली कामं आपण करी, ताप आला तरी आपला काढा आपण करून घेई. सासूबाई मागितल्याशिवाय मदत करत नसत आणि मागायचं कुणी नाही. लग्नाला पाच वर्षं झाली, त्यात सुनेने सासूला सोपवलेलं हे पहिलं काम, आणि तेसुद्धा लांडगे मारण्याचं. तिने कागद घेतला आणि मोजणीच्या सवयीने नऊ कलमं लिहून काढली.

त्यातली चार पुढे महत्त्वाची ठरली. कलम तीन : कुरणातल्या लांडग्यांना आगीच्या बटणाने मारायचं. कलम पाच : लाल पट्टी कमी झाली की लगेच हिरवं बटण दाबायचं. कलम सात : लेव्हल वाढली की नवे गुण मिळतात, ते ज्या बटणाचा वापर जास्त त्यात टाकायचे. कलम नऊ : कुणाशी बोलायचं नाही. खाली सही, तारीख आणि वेळ घालून तिने कागद दिला. सही मेट्रननी मागून घेतली होती.

गुरुवारी सकाळी नऊला मेट्रन ड्यूटीवर हजर झाल्या. छातीशी उलटं घड्याळ पिन केलेलं, टेबलावर रेघा मारलेली वही, डाव्या हाताला सुनेचा कागद. समोर पडद्यावर हिरवंगार कुरण होतं आणि त्यात नऊ लांडगे हिंडत होते. मेट्रननी आधी त्यांना डावीकडून उजवीकडे नंबर दिले. सात नंबरचा सगळ्यात जवळ होता. त्यांच्या जुन्या वॉर्डातही टेबलाजवळची खाट सात नंबरचीच असे, म्हणून सुरुवात त्याच्यापासून झाली.

कलम तीनप्रमाणे त्यांनी आगीचं बटण दाबलं. लांडगा विव्हळला आणि त्याच्या डोक्यावरची, उरलेला जीव दाखवणारी लाल पट्टी अर्धी झाली.

मेट्रन थांबल्या. लाल पट्टी कमी झाली होती. कलम पाच सांगत होतं, लगेच हिरवं बटण. आता ज्याने आयुष्यात एकदा तरी असा गेम खेळला आहे त्याला हे सांगावं लागत नाही की पट्टी म्हणजे आपली पट्टी. पण मेट्रन खेळलेल्या नव्हत्या. ऑर्डरीवर पेशंटचं नाव नव्हतं, आणि बिननावाची ऑर्डर म्हणजे वॉर्डातल्या सगळ्यांना लागू. तरी खात्री करून घ्यावी म्हणून त्यांनी सुनेला फोन लावला. रेंज नव्हती. डॉक्टर भेटत नसेल तर लिहिलं आहे तसं करायचं आणि वहीत नोंद ठेवायची, हा नियम त्यांनी शेकडो पोरींना शिकवला होता. त्यांनी हिरवं बटण दाबलं. लांडगा टुणटुणीत बरा झाला आणि त्याने अग्निशिखेचा लचका तोडला. तिची पट्टी उतरली, तिलाही हिरवं बटण. मग पुन्हा कलम तीन.

साडेदहाला मुलगा चहा घेऊन आला. तो लिफ्ट दुरुस्त करायच्या कामावर होता आणि त्याची पाळी दुपारची असे. पाच मिनिटं तो मागे उभा राहून बघत राहिला.

"आई, हा लांडगा मघापासून तोच आहे का?"

"बेड नंबर सात," मेट्रन म्हणाल्या. "सकाळपासून सत्तर वेळा सीरियस झाला. आता बरा आहे."

"पण त्याला मारायचंय."

"मारतेय की. आणि पट्टी कमी झाली की बरा करतेय. दोन्ही लिहिलंय."

"अगं, पण मग तो मरणार कधी?"

"तीनमध्ये नुसतं 'मारायचं' आहे. पाचमध्ये 'लगेच' आहे. आधी काय करशील, तूच सांग."

मुलाने कागद वरून खाली वाचला, मग खालून वर. चूक सापडेना. शिवाय बायकोने लिहून ठेवलेल्या गोष्टीचा आपल्या मनाने अर्थ लावला की काय होतं, हे कपड्यांच्या मशीनच्या बाबतीत तो एकदा शिकला होता. तेवढ्यात त्याची नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली आणि तो चहा विसरला. पुढच्या लेव्हलची पट्टी पाचवा हिस्सा भरली होती. सुनेला तेवढ्याला पाच संध्याकाळ लागत.

गोष्ट साधी होती. गेम बनवणाऱ्यांनी प्रत्येक लागू पडलेल्या मंत्राला अनुभवाचे गुण ठेवले होते. जखम केली तरी गुण, बरी केली तरी गुण. एरवी लांडगा दोन गोळ्यांत मरे आणि दुसरा शोधायला कुरणभर फिरावं लागे. पण ज्याला जाळायचं त्यालाच फुंकर घालणारी बाई या जगात असू शकते, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. बेड नंबर सात जागेवरून हलत नव्हता आणि गुण धो धो पडत होते. मुलाने चहाचा कप हळूच वहीशेजारी ठेवला आणि तो कुंड्यांना पाणी घालायला निघून गेला.

संध्याकाळी सहाला अग्निशिखा एकोणसाठाव्या लेव्हलला पोचली. मेट्रननी वहीत बेरीज केली. आगीचं बटण चारशे बारा वेळा, हिरवं सहाशे एकोणनव्वद वेळा. कलम सातप्रमाणे सगळे नवे गुण त्यांनी हिरव्यात टाकले, वहीखाली रेघ मारली आणि दिवा बंद केला.

शुक्रवारी कुरणात बाहेरचे पेशंट यायला लागले. पहिला आला तो टोकदार टोपीचा एक नवशिका. आठ नंबरच्या लांडग्याने त्याला पार लोळवला होता. त्याची लाल पट्टी केसाएवढी उरलेली बघून मेट्रननी हिरवं बटण दाबलं. टोपीवाला उठून बसला आणि त्याने पडद्यावर आभाराच्या चार ओळी लिहिल्या. कलम नऊमुळे मेट्रननी उत्तर दिलं नाही. त्याने जाऊन आपल्या मित्रांना सांगितलं की कुरणात एक मौनी देवी बसली आहे, तिच्यासमोर माणूसही मरत नाही आणि लांडगाही मरत नाही, दिवसभर हात साफ करून घ्या. दुपारपर्यंत तिथे साठ-सत्तर जण जमले. कुणी तलवार घासतोय, कुणी पाठ केलेला मंत्र लांडग्यावर म्हणून बघतोय, आणि मेट्रन एकेकाची पट्टी बघून बटण दाबतायत. जास्त जखमी आधी, कमी जखमी नंतर. एका चिलखतवाल्याने मध्येच घुसायचा प्रयत्न केला. मेट्रननी त्याला काही म्हटलं नाही, फक्त सगळ्यात शेवटी घेतलं. तासाभरात कुरणात रांग लागली. त्या गेमला नऊ वर्षं झाली होती आणि त्यात रांग कुणी पाहिली नव्हती.

त्याच संध्याकाळी साठावी लेव्हल झाली. काम फत्ते झालं होतं. रात्री कामावरून आल्यावर मुलाने सांगितलं, "आई, झालं तुझं, आता आराम कर."

"ऑर्डर बंद केलीय का कुणी?"

"नाही, पण…"

"बंद केल्याशिवाय बंद होत नाही," मेट्रन म्हणाल्या आणि त्यांनी पुढचं पान आखलं. खरं सांगायचं तर त्यांना मजा यायला लागली होती. दोन वर्षं त्या उशांना बटणं लावत होत्या, आणि उशा कधी बऱ्या होऊन उठून बसत नाहीत.

शनिवारी अडचण आली. गेमवर देखरेख करणाऱ्या कुणा अधिकाऱ्याच्या लक्षात आलं की ही अग्निशिखा ठरलेल्या वेळी येते, ठरलेल्या वेळी जाते, मध्ये एक ते दोन जेवायला उठते आणि कुणाशी बोलत नाही. हे यंत्र असणार, माणूस इतका शिस्तीत नसतो, असं त्याला वाटलं. पडद्यावर चौकट उघडली : 'तुम्ही माणूस आहात का? पाच मिनिटांत उत्तर न आल्यास खातं बंद होईल.'

मुलगा ओरडला, "आई, हो लिही."

"कलम नऊ," मेट्रन म्हणाल्या.

"अगं, खातं बंद होईल. तिची तीन वर्षं जातील."

मेट्रन क्षणभर विचारात पडल्या. सुनेची तीन वर्षं हे शब्द त्यांना लागले होते. पण लिहिलेलं ते लिहिलेलं. मग त्यांनी मार्ग काढला. "पेशंटच्या वतीने नातेवाइकाने बोलायला हरकत नाही. तू बस. आणि पाठ सरळ ठेव."

मुलाने एका बोटाने टाइप केलं, की ही यंत्र नाही, माझी आई आहे. पलीकडून विचारणा आली, कशावरून? मुलाला घाम फुटला. आपली आई आपली आई आहे हे सिद्ध करायची पाळी त्याच्यावर कधी आली नव्हती. तीन मिनिटं गेली, चौथं चालू झालं, आणि त्याने जे होतं तेच लिहून टाकलं : 'आत्ता तुम्हाला उत्तर देत असताना तिने मला दोनदा पाठ सरळ करायला सांगितली आणि नखं कधी कापली होतीस असं विचारलं.' चौकट थोडा वेळ नुसतीच लुकलुकली. मग उत्तर आलं, 'क्षमस्व. माझीही आई आहे.' आणि चौकट मिटली.

त्यानंतर अर्ध्या तासाने बेड नंबर सातने चावायचं सोडलं. त्याच्या डोक्यावरचं लाल अक्षरातलं नाव हिरवं झालं आणि तो अग्निशिखेच्या पायाशी येऊन बसला. इतक्या वेळा बरं केलेलं जनावर माणसाळतं, असं गेममध्ये कुठेतरी खोल लिहून ठेवलेलं असणार. तिथपर्यंत आजवर कुणी पोचलंच नव्हतं. मेट्रननी वहीत लिहिलं, 'बेड सात : सुधारणा.' आणि तीन नंबरचा लांडगा घेतला.

रविवारी दहा वाजून वीस मिनिटांनी सून आली. बुटांना चिखल, खांद्यावर मोजणीची पिशवी, आणि बूट न काढता ती सरळ टेबलाकडे गेली. एरवी या घरात हे कुणी केलं नसतं. मेट्रन उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी चार्ज दिला, "लेव्हल त्रेसष्ट. मंत्रशक्तीच्या निळ्या बाटल्या चौदा शिल्लक. एकही मृत्यू नाही."

सुनेच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की मुलगासुद्धा बघत राहिला. त्रेसष्ट! चाळिसांत एवढी लेव्हल फक्त डॉक्टरची होती. तिने खुर्ची ओढली, हात चोळले आणि मोकळ्या जागेत आगीचा एक गोळा सोडून पाहिला.

ओल्या काडीसारखी एक ठिणगी उडाली आणि विझली. गेम कठोर होता, जे वाढवत नाही ते त्यात आखडत जातं. तिने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेवढंच. मग तिने गुणांचं पान उघडलं, मग वही उघडली, आणि शेवटी स्वतःचा कागद उघडून कलम पाच वाचलं.

"माझं काही चुकलं का?" मेट्रननी विचारलं.

"नाही आई. तुम्ही लिहिलं होतं तस्संच केलंत."

मेट्रन खाली बसल्या. लिहिलं होतं तसंच केलं, हे वाक्य वॉर्डात कधी म्हणतात ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. पाच वर्षांत या मुलीने एक काम सांगितलं होतं, आणि ते असं झालं होतं. त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी घड्याळाची पिन उगाच काढली आणि परत लावली.

सुनेने हेडफोन न लावता आवाज स्पीकरवर टाकला आणि डॉक्टरला खरं ते सांगून टाकलं. डॉक्टर भला माणूस होता. त्याने हळहळ व्यक्त केली, पण आगीची जागा बर्फवाल्याला द्यावी लागेल म्हणाला. बर्फवाला पलीकडे इतका खूश झाला की त्याने ताबडतोब कुणाचा तरी पाय गोठवला. सूनबाईने मान खाली घातली. "चूक माझीच आहे," ती म्हणाली. "कुणाची पट्टी ते मी लिहिलंच नाही. मी कधी कुणाच्या पट्टीकडे बघितलंच नाही."

तेवढ्यात डॉक्टरचा आवाज बदलला. गिल्डचं औषधपाणी बघणारा भिडू एक बसचालक होता आणि सकाळी त्याची ड्यूटी बदलल्याचा निरोप नुकताच आला होता. वैद्याशिवाय किल्ल्यात जायचं म्हणजे बाराव्यांदा मार खायचा. मग तो थांबला आणि म्हणाला, "एक मिनिट. तुझ्या औषधाचा आकडा मला इथे दिसतोय. एक शून्य जास्त पडलंय का?"

"नाही," सून म्हणाली. "बरोबर आहे."

"मग तू ये ना वैद्य म्हणून."

"मला येत नाही. मी ते बटण तीन वर्षांत चार वेळा दाबलं असेल." ती एवढं बोलली आणि थांबली. मग वळून म्हणाली, "आई, तुम्ही बसाल का माझ्याबरोबर? मी चालते, तुम्ही बरं करा."

आजवर या घरात असं वाक्य कुणी कुणाला म्हटलं नव्हतं. मेट्रन ताडकन उठल्या, खुर्ची ओढून घेतली आणि आपला हात पुढे केला. "आधी ऑर्डर बदलून दे."

"आई, दहा बावन्न झालेत."

"म्हणूनच आत्ता दे. तिथे मधे ड्रॅगनची पट्टी कमी झाली तर मी काय करू?"

स्पीकरवर डॉक्टरला ठसका लागला. सुनेने चिखलाच्या हाताने कलम पाच खोडलं आणि वर लिहिलं, 'ड्रॅगन सोडून सगळ्यांना.' कलम नऊ पूर्ण रद्द केलं. सही, तारीख, वेळ. मेट्रननी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि मग माइकशी वाकून म्हणाल्या, "डॉक्टर, तुमच्या खुर्चीत आत्ता पेशंट तोंड उघडून बसलेला नाही ना?"

"आज रविवार आहे, सिस्टर," डॉक्टर म्हणाला. "दवाखाना बंद आहे."

"मग चला."

पुढची वीस मिनिटं त्या घरात जे चाललं होतं ते पाहायला खालच्या मजल्यावरचे शेजारी वर आले असते, तर त्यांना वाटलं असतं की दोघी मिळून पियानो वाजवतायत. सून डाव्या हाताने अग्निशिखेला खांबामागून खांबामागे नेत होती, मेट्रन उजव्या हाताने बटण दाबत होत्या, आणि बेड नंबर सात मागून चालत होता. ड्रॅगनने एक फूत्कार टाकला की अर्धं गिल्ड भाजून निघे आणि लगेच उठून उभं राही. "डावीकडचा भालेवाला, तू मागे सरक, तुझी वेळ झालेली नाही," मेट्रन सांगत. "बर्फवाले, तुम्ही उगाच पुढे जाताय. पट्टी बघा आपली." चाळीस शूरवीर मुकाट्याने ऐकत होते. बर्फवाल्याने तर दोनदा 'हो सिस्टर' म्हटलं. अकरा रविवारांत जे तिसऱ्या मिनिटाला आडवे पडायचे ते विसाव्या मिनिटालाही उभे होते, आणि डॉक्टर आनंदाने मध्येच गुणगुणायला लागला होता.

मग ड्रॅगनची पट्टी केसाएवढी उरली. त्याचे डोळे मिटायला लागले. सुनेचं लक्ष पडद्यावर नव्हतं, सासूबाईंच्या बोटाकडे होतं. ते बोट हिरव्या बटणावर आलं होतं. चौतीस वर्षांची सवय एका कलमाने कशी जाणार? मेट्रननी कागदाकडे पाहिलं, मोठ्याने वाचलं, "ड्रॅगन सोडून," आणि हात मांडीवर ठेवून मान खिडकीकडे वळवली. "तू काय ते कर. मी बघत नाही."

इतर सगळे मंत्र संपवून बसले होते. सुनेने आगीचं बटण दाबलं. तीच ओल्या काडीची ठिणगी उडाली, डुलत डुलत ड्रॅगनच्या नाकापर्यंत गेली, आणि तेवढ्यावर तो किल्ल्याएवढा देह धाडकन खाली आला. स्पीकरमधून चाळीस घरांचा गलका एकदम बाहेर आला. मुलाने हातातली झारी खाली ठेवली आणि दोघींच्या मागे उभा राहून टाळ्या वाजवल्या.

"गेला का?" मेट्रननी खिडकीकडेच बघत विचारलं.

"गेला, आई."

"त्याच्या घरी कळवा म्हणावं कुणीतरी."

गलका ओसरल्यावर डॉक्टरने जाहीर केलं की वैद्याची जागा आता अग्निशिखेची, कायमची. सुनेला त्याने हळूच आठवणही करून दिली की प्रत्येकाला एकदा सगळे गुण परत घेऊन नव्याने वाटता येतात. तिने ते पान उघडलं. एक बटण दाबलं की आग जशीच्या तशी परत येणार होती, आणि औषधाचे गुण गेले की लांडगा पुन्हा लाल नावाचा होऊन कुरणात जाणार होता. मेट्रन वहीचं शेवटचं पान आखून त्यावर 'चार्ज दिला' असं लिहीत होत्या, आणि अक्षर नेहमीपेक्षा जरा मोठं येत होतं.

सुनेने पान मिटलं. "चार्ज राहू द्या तुमच्याकडेच," ती म्हणाली. "ही आता तुमची. मी नवीन करते."

आणि मग ती बूट काढायला गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला कुरणात नेहमीची रांग होती. रांगेत चौदाव्या नंबरला एक नवी जादूगारीण उभी होती. लेव्हल एक, हातात काडीएवढी आग. तीन वर्षं जिने काळ्या किल्ल्याचे दरवाजे जाळले होते ती सून, दुसऱ्या खोलीत, नवऱ्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर बसून आपली पाळी यायची वाट बघत होती. तिने मघाशी नातं सांगून पुढे जायचा प्रयत्न केला होता, आणि ती नवव्या नंबरवरून चौदाव्यावर आली होती. टेबलावर तिच्यासाठी एक कागद ठेवलेला होता, अक्षर गोल आणि सुवाच्य. कलम एक : पाठ सरळ ठेवायची. कलम दोन : तीन नंबरचा लांडगा घ्यायचा. कलम तीन : बेड नंबर सातला कुणी हात लावायचा नाही, तो स्टाफमध्ये आहे. खाली सही, तारीख, वेळ.

सुनेने कागद पुन्हा वाचला, उलटून मागची बाजू पाहिली आणि भिंतीपलीकडे हाक मारली, "आई, यात एक राहिलंय. माझी लाल पट्टी कमी झाली तर मी काय करायचं?"

पलीकडून उत्तर यायला एक क्षण लागला. कुणाची तरी मलमपट्टी चालू असावी.

"ते तुला कशाला लिहून द्यायचं?" मेट्रन म्हणाल्या. "मी आहे ना."